दोनशे युरोंत कोपनहेगन, आणि वाटेत भेटलेला नीबूर

कोपनहेगनला नोकरी लागल्यावर जा, असं मला जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधल्या जवळजवळ प्रत्येक सीनियरने सांगितलं होतं. विद्यार्थ्यांनी प्राग, बुडापेस्ट, क्राकुफ करावं आणि डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे पगार सुरू झाल्यावर, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. त्यामागे कारणही आहे. प्रागमध्ये जेवढ्यात पोटभर जेवण होतं, तेवढ्यात कोपनहेगनमध्ये एक कॉफी आणि दालचिनीचा रोल येतो. पण नकाशा उघडून बघितलं तर हॅम्बुर्गला प्रागपेक्षा कोपनहेगन कितीतरी जवळ. मी जिओमॅटिक्स शिकते, म्हणजे मोजणी आणि नकाशे हाच माझा विषय. त्यातून मी उरणची. मध्ये समुद्र असलेलं, बोटीने गाठायचं शहर इतक्या जवळ असताना नोकरी लागेपर्यंत थांबायचं मला पटेना.

पैशाचं गणित सरळ होतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो येतात. खोलीचं भाडं, विमा, किराणा आणि फोन गेला की फारसं काही उरत नाही. विद्यापीठातल्या हिवीच्या, म्हणजे विद्यार्थी-सहायकाच्या, कामातून थोडे मिळतात. त्यातले दोनशे युरो बाजूला काढले आणि एक नियम घातला. पैसे मोजायचे ते प्रवासाला, झोपायला, पोटाला आणि सायकलला. बाकी शहर जे फुकट दाखवेल तेवढंच बघायचं. हा नियम नाइलाजाने केला होता. पण आज कोणी मला कोपनहेगनबद्दल विचारलं, तर पैसे असले तरी पहिल्या खेपेला असंच बघ, असं मी मनापासून सांगेन.

आधी कागदपत्रं. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलं की बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या केलेल्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. नुकत्याच आलेल्यांना आणि कार्ड हातात न पडलेल्यांना जर्मनीच्या लांब मुदतीच्या डी व्हिसावरही जाता येतं. मात्र कार्डाबरोबर पासपोर्ट लागतोच. ‘शेंगेनमध्ये कोण विचारतंय’ असं म्हणून तो खोलीत ठेवून निघू नये, कारण या सीमेवर विचारतात.

विम्याबद्दल मात्र फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून सविस्तर लिहिते. जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड छापलेलं असतं. ते दाखवलं की युरोपियन संघात कुठेही उपचार होतात, असं सगळे सांगतात. संघाच्या नागरिकांसाठी ते खरंही आहे. पण आपल्यासारख्या बाहेरच्या देशाच्या नागरिकांना ते डेन्मार्कमध्ये चालत नाही. ज्या नियमाने ही सोय आपल्याला मिळते, त्या नियमात डेन्मार्क सामील झालेला नाही. नॉर्वे, आइसलँड आणि स्वित्झर्लंडमध्येही हीच अडचण आहे. स्वीडनमध्ये मात्र कार्ड चालतं. मी विमा कंपनीला मेल करून खात्री केली आणि परदेश प्रवासाचा आरोग्य विमा वेगळा घेतला. वर्षभराचा हप्ता पंधरा युरोंच्या आत होता. सायकलवरून पडून हात मोडला असता तर काय झालं असतं, या विचारापुढे ते पंधरा युरो काहीच नाहीत.

जायचं कसं, यावर मी बरेच दिवस घालवले. ट्रेन डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पावरून वळसा घालून जाते आणि मोठा पूल आणि बोगदा ओलांडून साडेचार-पाच तासांत पोचवते. पूर्वी आख्खी ट्रेनच बोटीत चढायची, पण डिसेंबर २०१९ पासून ते बंद झालं. बस स्वस्त, आणि रात्रीची घेतली तर एका रात्रीचं हॉस्टेल वाचतं. त्यातही काही बस पुलांवरून जातात आणि काही पुटगार्डन या जर्मन बंदरातून बोटीने. मी मुद्दाम बोटीची घेतली. तीन-चार आठवडे आधी काढल्यामुळे जाऊन-येऊन पन्नास युरोंच्या आत तिकीट मिळालं.

जूनमधली गुरुवारची रात्र. हॅम्बुर्गच्या मुख्य स्टेशनाजवळच्या बसस्थानकावरून गाडी निघाली आणि मी लगेच झोपले. जाग आली ती दिवे लागल्यावर. बस बोटीच्या पोटात शिरली होती आणि ड्रायव्हर सगळ्यांना उतरून वर जायला सांगत होता. गाडीत बसून राहता येत नाही. पेंगुळलेली माणसं जिन्याने वर जाऊन दुकानाजवळच्या खुर्च्यांवर पुन्हा झोपली. मी बाहेर डेकवर गेले.

पुटगार्डन ते डेन्मार्कमधलं रॉडबी हे अंतर बोट पाऊण तासात कापते. जूनमध्ये या अक्षांशावर रात्र पुरती काळी होतच नाही. उत्तरेकडे क्षितिजावर निळसर उजेड तसाच टिकून होता. वारा बोचरा होता. मी लहानपणापासून उरणचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का लाँचने केलेलं आहे, बाबा त्याच लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारे, होते, त्यामुळे डेकवर उभं राहिलं की पायांना आपोआप सवय आठवते. डेन्मार्कचा किनारा जवळ आला तसे बंदरापेक्षा मोठे, लांबवर पसरलेले दिवे दिसायला लागले. तो जर्मनी आणि डेन्मार्क जोडणाऱ्या फेमार्न बोगद्याचा प्रकल्प. समुद्राच्या तळात चर खणून त्यात काँक्रीटचे ८९ भाग एकापुढे एक उतरवायचे आणि जोडायचे. त्यातला प्रत्येक साधा भाग २१७ मीटर लांब. पूर्ण झाला की अठरा किलोमीटरचा हा बोगदा हॅम्बुर्ग–कोपनहेगन ट्रेन अडीच तासांवर आणेल. पाण्याखाली उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. तिथे एवढं अवजड धूड नेमकं जागेवर बसवायचं, हे मोजणी करणाऱ्यांचं काम, म्हणजे आमचं. वर्गात ज्याची स्लाइड पाहिली होती ते काम अंधारात समोर चालू होतं, आणि मला त्या थंडीतही आत जाववेना.

डेन्मार्कच्या बाजूला पोलीस बसमध्ये चढले. पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही बघितलं, शांतपणे परत दिलं.

कोपनहेगनचं नवं बसस्थानक डुब्बोल्सब्रो स्टेशनजवळ आहे. पहाटे सहाच्या आधी उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. हॉस्टेलचा रस्ता शोधायला फोन काढला, मग सवयीने रस्त्याची पाटी वाचली आणि तिथेच थांबले. पाटीवर कार्स्टेन नीबूरचं नाव होतं.

नीबूर मला दोन ठिकाणांहून माहीत होता. पहिल्या सेमिस्टरला रेखांश कसा मोजायचा याच्या इतिहासावर एक व्याख्यान झालं होतं. गटिंगनच्या टोबियास मायर यांनी चंद्राच्या गतीची कोष्टकं केली, आणि चंद्र व एखादा तारा यांच्यातला कोन मोजून रेखांश काढायची पद्धत त्यांच्याकडून शिकून जो प्रवासाला निघाला तो नीबूर. दुसरं ठिकाण म्हणजे घर. उरणच्या माणसाला घारापुरी म्हणजे समोरचं बेट, आणि घारापुरीच्या इतिहासात हे नाव येतंच.

त्याची गोष्ट अशी आहे. एल्बे नदीच्या मुखाजवळच्या, म्हणजे आमच्या हॅम्बुर्गच्याच अंगच्या, एका शेतकरी घरात १७३३ साली जन्मलेला हा मुलगा मोजणी शिकला. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानाचा शास्त्रीय अभ्यास करायला सहा जणांची मोहीम पाठवली, ती जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगनहून निघाली. त्यात भाषांचा जाणकार फॉन हावेन होता, वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कोल, डॉक्टर क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड, एक नोकर, आणि नकाशे करायला नीबूर. फॉन हावेन आणि फोर्स्कोल १७६३ मध्ये येमेनमध्येच गेले. उरलेले मुंबईच्या जहाजावर चढले, तर चित्रकार आणि नोकर समुद्रातच वारले. क्रामर मुंबईला पोचला आणि १७६४ च्या फेब्रुवारीत तिथेच त्याचा अंत झाला. एकटा नीबूर राहिला.

साथीदार एकामागून एक गेल्यावर परक्या बंदरात एकट्या पडलेल्या माणसाने काय करावं? त्याने काम चालू ठेवलं. सुरत पाहिली. घारापुरीला एकदा जाऊन त्याचं समाधान झालं नाही, तो पुन्हा गेला, आणि लेण्यांची मापं आणि चित्रं केली. मग १७६४ च्या अखेरीस मुंबई सोडून मस्कत, इराण, बगदाद असा करत १७६७ मध्ये कोपनहेगनला परतला. वाटेत इराणमधल्या प्राचीन पर्सेपोलिसला त्याने शिलालेखांच्या इतक्या काटेकोर नकला केल्या की पुढे कीलाकार लिपी वाचायचं काम त्यांच्या आधाराने सुरू झालं. स्वतःला वाचता येत नसलेली अक्षरं इतकी खरी उतरवायची, यापेक्षा मोजणीदाराला मोठं प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेनऊ वाजले होते. पाटी दाखवली, सगळं सांगितलं.

‘काय नाव म्हणतेस, बाय? नीबूर? आणि नकाशे करायचा म्हणतेस, तर पाण्याची खोली पण मोजली असंल की त्यानं.’

तांबड्या समुद्राचा नकाशा त्याने केला होता, एवढं मला माहीत होतं. ते सांगितल्यावर बाबा खूश झाले. मागून आईचा आवाज आला, ‘अगं, तिनं काही खाल्लंय का विचारा आधी.’

तर खाण्याकडे वळते. डेन्मार्कमध्ये युरो नाही, क्रोन आहे. एका युरोला साधारण साडेसात. हा दर युरोशी बांधलेला असल्यामुळे फारसा हलत नाही. रोख पैसे काढायची मला गरजच पडली नाही. मात्र जर्मन बँकेचं साधं गिरोकार्ड सगळीकडे घेत नाहीत, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. मशीनने ‘युरोत देणार की क्रोनमध्ये’ असं विचारलं तर कायम क्रोन निवडावं, कारण युरो निवडलं की दर मशीनवाल्याचा लागतो. जर्मन सिम तसंच चालतं, त्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

बाहेर जेवायचा प्रश्न नव्हता. बेडच्या जोडीला स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल निवडलं होतं. बॅगेत तांदूळ, मूगडाळ, आईने पाठवलेला आगरी मसाला आणि मेतकूट. बाकी सुपरमार्केटमधून घ्यायचं. तिथला काळसर राईचा पाव जड आणि आंबूस असतो. दोन कापांत पोट भरतं. त्यावर घालायला हेरिंग माशाची बरणी घेतली. व्हिनेगर आणि साखरेत मुरवलेली हेरिंग आपल्या जिभेला पहिल्या घासाला गोड लागते, पण आमच्यासारख्या मासे खाऊन वाढलेल्या माणसाला दुसऱ्या घासाला ती आवडते. बरणी तीन जेवणांना पुरली. उरलेलं अन्न स्वस्तात विकायचं ‘टू गुड टू गो’ हे प्रसिद्ध ॲप २०१५ मध्ये याच शहरात सुरू झालं. संध्याकाळी त्यावरून एका बेकरीची पिशवी घेतली तर दुसऱ्या दिवसाच्या न्याहारीची सोय झाली. नळाचं पाणी उत्तम. बाटल्या आणि डबे दुकानातल्या मशीनमध्ये परत केले की अनामत मिळते, जर्मनीसारखीच, फक्त रक्कम वेगळी.

हॉस्टेलबद्दल एवढंच की मुलींची वेगळी डॉर्म घेतली, रात्रीचे तीसेक युरो पडले. बऱ्याच ठिकाणी चादर-उशीचे वेगळे पैसे घेतात आणि स्लीपिंग बॅग चालवून घेत नाहीत. माझ्याकडे घरची चादर आणि उशीचा अभ्रा होता. बुकिंग करताना ही ओळ शोधून वाचावी.

शुक्रवारचा दिवस मी चालण्यात घालवला. बंदराच्या काठाने गेलं की राष्ट्रीय ग्रंथालयाची काळ्या ग्रॅनाइटची इमारत लागते. १९९९ साली उघडलेली ही इमारत ‘ब्लॅक डायमंड’ म्हणून ओळखली जाते आणि आत जायला कोणी काही विचारत नाही. सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं आणि पाण्याकडे तोंड करून कितीही वेळ बसायचं. येमेनला गेलेल्या फॉन हावेनने या ग्रंथालयासाठीच हस्तलिखितं विकत घेतली होती. तो परतला नाही, हस्तलिखितं परतली. ही माहिती सकाळच्या त्या पाटीमुळे मी तिथेच बसून शोधली, आणि त्यानंतर शहर मला वेगळं दिसायला लागलं. जिथे जाऊ तिथे आपल्याकडच्या समुद्राशी जोडलेला धागा सापडत होता.

पुढेच जुनं शेअर बाजाराचं घर, बोर्सन. चार ड्रॅगनच्या शेपट्या एकमेकींत गुंफलेला त्याचा मनोरा १६ एप्रिल २०२४ च्या आगीत कोसळला. त्या दिवशी रस्त्यावरची माणसं आत शिरून जुनी चित्रं उचलून बाहेर आणत होती. मी गेले तेव्हा भोवती परांची आणि बांधकाम. ही इमारत उभारणाऱ्या चौथ्या क्रिस्टियान राजानेच आपल्या पूर्व किनाऱ्याकडे जहाजं पाठवली आणि १६२० मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला डॅनिश किल्ला उभा राहिला. सव्वादोनशे वर्षांनी, १८४५ मध्ये, डेन्मार्कने तो आणि बंगालमधलं श्रीरामपूर ब्रिटिशांना विकून टाकलं. पूल ओलांडून क्रिस्टियान्सहाउनला गेलं की आशियाटिस्क प्लाड्स लागतो. तिथल्या जुन्या इमारती आशियाशी व्यापार करणाऱ्या कंपनीच्या. आता तिथे परराष्ट्र खातं आहे. शाळेत पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज शिकवतात आणि डॅनिश एका ओळीत येऊन जातात. ती ओळ इथे दगडात बांधलेली दिसते.

संध्याकाळी क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याच्या मनोऱ्यावर गेले. संसद याच वाड्यात भरते. १०६ मीटरचा हा मनोरा शहरातल्या जुन्या मनोऱ्यांत सर्वांत उंच, आणि वर जायला तिकीट नाही. सामानाची तपासणी, लिफ्ट, थोड्या पायऱ्या, झालं. सोमवारी मात्र बंद असतो. वरून छपरं, कालवे, लांबवर स्वीडनकडे जाणारा पूल दिसतो. संसदेच्या डोक्यावर उभं राहून शहर बघायचं आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. हा मजला एखाद्या उंची उपाहारगृहाला देऊन टाकता आला असता. वर जेवणघर आहेच, पण गच्ची सगळ्यांसाठी ठेवली आहे.

शनिवारी सायकल. दिवसाचे सव्वाशे क्रोन गेले, आणि या सगळ्या सफरीतला हा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च. इथे सायकलचा मार्ग फूटपाथपेक्षा एक पायरी खाली आणि गाड्यांच्या रस्त्यापेक्षा एक पायरी वर असतो. त्यामुळे गाडी अंगावर येईल ही भीती मनातून निघून जाते. पण नियम पाळावे लागतात. थांबायच्या आधी हात वर करायचा. डावीकडे वळताना चौकात मध्ये घुसायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, थांबायचं, मग सिग्नल बघून वळायचं. सावकाश जायचं तर उजवीकडे राहायचं. पहिला अर्धा तास मी फक्त बघत एका आजीबाईंच्या मागे मागे चालवली. त्यांच्या पुढच्या खोक्यात दोन नातवंडं बसली होती आणि त्या माझ्यापेक्षा वेगात होत्या.

सायकलींसाठीच २०१४ मध्ये बांधलेला नारिंगी रंगाचा वळणदार पूल डुब्बोल्सब्रोजवळच आहे. त्यावरून आणि पुढच्या पुलावरून पाण्यापलीकडे इस्लँड्स ब्रुग्गेला उतरलं की बंदरातला तरणतलाव. तलाव म्हणजे बंदराच्या पाण्यातच लाकडी फळ्यांनी आखलेली जागा, उन्हाळ्यात जीवरक्षक असतात, आणि प्रवेश मोफत. मी पोहले. जूनचं पाणी आपल्या हिशेबाने चांगलंच थंड; पहिल्या उडीला श्वास अडकतो. पण पाणी स्वच्छ होतं, अगदी तोंडात गेलं तरी चव बंदराची नव्हती.

या पाण्याबद्दल मला थोडं थांबून सांगायचं आहे. हे बंदरही एकेकाळी घाण होतं. पाऊस मोठा झाला की पावसाचं आणि सांडपाण्याचं मिश्रण थेट बंदरात जायचं आणि पोहणं कितीतरी वर्षं बंद होतं. शहराने साठवणीच्या टाक्या बांधल्या, सांडपाण्याची तोंडं बंद केली, शुद्धीकरण सुधारलं, आणि २००२ मध्ये बंदरात पोहणं पुन्हा सुरू झालं. मी ज्या खाडीत पोहायला शिकले तिथे आज माझ्या भाचीला पोहायला पाठवायची माझ्या बहिणीची तयारी नाही. आमच्या किनाऱ्याने मोठं बंदर पाहिलं, भराव पाहिले, मासळी दूर गेलेली पाहिली. व्यापार चालू ठेवूनही काठावरच्या पोरांना पाणी परत देता येतं, हे मी अंगाने अनुभवलं, आणि फळीवर अंग वाळवत बसले तेव्हा मला आनंद आणि राग दोन्ही एकदमच आले.

बंदरकाठची प्रसिद्ध जलपरीची मूर्ती सकाळी सातला बघितली. १९१३ पासून ती तिथे बसली आहे, सव्वा मीटर उंच, आणि त्या वेळी तिच्याजवळ कोणी नव्हतं. शेजारचा चांदणीच्या आकाराचा कास्टेलेट किल्ला मला जास्त आवडला. त्याच्या मातीच्या तटावरून फिरता येतं. न्यूहाउन कालव्याकाठची रंगीत घरं पाहिली, टिव्होली या मनोरंजन बागेच्या फाटकावरून पुढे गेले, क्रिस्टियानिया या स्वतःचे नियम पाळणाऱ्या वसाहतीत एक चक्कर मारली.

नियम एकदाच मोडला, तो रुंडेटॉर्नसाठी, ४० क्रोन देऊन. चौथ्या क्रिस्टियानने बांधलेला, १६४२ मध्ये पुरा झालेला हा वेधशाळेचा बुरूज. वर जायला जिना नाही. फरसबंद उतार भिंतीला धरून साडेसात वेढे घेत २०९ मीटर चढत जातो, अगदी शेवटी थोड्या पायऱ्या. यंत्रं आणि पुस्तकं वर न्यायला हा उतार. मी गेले ते वेगळ्या कारणाने. १७६० च्या दशकात डेन्मार्कची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू झाली तेव्हा हा बुरूज तिचा आरंभबिंदू होता. इथून निघालेले त्रिकोण देशभर पसरत गेले. म्हणजे नीबूर मुंबईत असताना त्याच्या मागे या शहरात त्याच विद्येने घरची जमीन मोजली जात होती. आपल्याकडची मोठी त्रिकोणमापन मोहीम मद्रासजवळ सुरू व्हायला १८०२ उजाडलं. माझ्या आजूबाजूला लोक फोटो काढत होते, आणि मी कठड्याला टेकून एकेका चर्चचा मनोरा डोळ्यांनी जोडत त्रिकोण बांधत होते.

रविवारी दुपारी नॉरेब्रोतल्या असिस्टेन्स दफनभूमीत बसून राहिलेला पाव संपवला. दफनभूमीत जेवायचं मला आधी जड गेलं, पण इथे लोक चटया अंथरून पुस्तकं वाचतात, लहान मुलं सायकल शिकतात. परीकथाकार अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगार्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांची थडगी इथेच आहेत. बोर यांच्या संस्थेत आपले होमी भाभा तरुणपणी काही काळ काम करून गेले होते. बोर यांच्या थडग्याजवळ कोणीतरी पेन्सिल ठेवून गेलं होतं.

रात्रीच्या बसने परत. पुटगार्डनला जर्मन पोलिसांनी पासपोर्ट बघितले आणि सोमवारी पहाटे हॅम्बुर्ग. खर्च जमवला तर विम्यासकट १९० युरोंच्या थोडा आत बसला. त्यातले जवळपास साठ टक्के बस आणि हॉस्टेलचे, बाकी खाणं, सायकल, एक कॉफी आणि बुरुजाचं तिकीट. मेट्रो एकदाच घेतली, पाय दुखत होते म्हणून. ज्यांना जायचं आहे त्यांनी मे ते सप्टेंबरमध्ये जावं. हिवाळ्यात दिवस लहान, आणि मग फुकट बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक अंधारात राहतं.

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयातून नीबूरच्या प्रवासवर्णनाचा दुसरा खंड शोधला. १७७८ चं पुस्तक, स्कॅन करून ठेवलेलं आहे, जुन्या जर्मन अक्षरात. त्यात घारापुरीची चित्रं आणि लेण्याचा आराखडा आहे. बाबांना पाठवला तर त्यांनी तो उरणच्या बाजारातून मोठा छापून आणला आणि खांब मोजत बसले. डिसेंबरात घरी गेले की दोघांनी मोऱ्याहून जायचं आणि टेप लावून नीबूरची मापं ताडून बघायची असं ठरलं आहे. त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडे आधी अर्ज करावा लागतो का, ते बाबा चौकशी करून सांगणार आहेत.